मोठी मरळ पाहिजे असेल तर ल्युअर पाण्याखाली चालवा

आपल्याकडच्या पोरांना मरळीचा नाद लावला तो फ्रॉगनं, म्हणजे गळ लावलेल्या रबरी बेडकानं, जलपर्णीवरून फ्रॉग ओढत आणायचा आणि खालून फाडकन् पाणी उडालं की हात थरथरतात, त्यात काही वादच नाही. पण किलो-सव्वा किलोच्या वर जायचं असेल तर नुसत्या फ्रॉगवर भागत नाही हे माझं ठाम मत झालंय. मोठी मरळ फ्रॉगच्या मागं येते, फूटभर खालून बघते आणि फिरून जाते. ती येते याचा अर्थ तिला भूक आहे, जागा बरोबर आहे, तुम्ही दिसलेला नाहीत, मग अडतंय कुठं? वर यायला ती तयार नसते. अशा वेळी तिच्या नाकासमोर, तिच्याच पातळीवर डावी-उजवीकडं लडखडत चालणारा आणि मध्येच थांबणारा ल्युअर, म्हणजे गळ लावलेला खोटा मासा पाहिजे.

पाण्यावर झिगझॅग चालणारे पेन्सिल ल्युअर बहुतेकांना माहिती असतात, हेडन कंपनीचा झारा स्पूक तर १९३९ पासून बाजारात आहे. तीच चाल एक ते पाच-सहा फूट खाली करणारे जे ल्युअर, त्यांच्याबद्दल मी बोलतोय. यात एकसंध अंगाचे आले, म्हणजे साल्मोचा स्लायडर किंवा रापालाचा सबवॉक, मग मधोमध एकच सांधा असलेले ग्लाइड बेट आले, रिव्हर टू सी चा एस-वेव्हर, गॅन क्राफ्टचा जॉइंटेड क्लॉ वगैरे. मेगाबासच्या व्हिजन ११० सारखे पुढं प्लास्टिकची जीभ असलेले जर्कबेट पण झटक्यावर डावी-उजवी मारतात, पण त्यांना त्यांची जीभ खाली नेते आणि दर झटक्याला ते पुढं पळतात, म्हणून मी त्यांना या कामात दुसऱ्या नंबरवर ठेवतो. बिनजिभेच्या ल्युअरची गंमत अशी की त्याला स्वतःची दिशाच नसते, रॉडच्या टोकानं छोटा झटका दिला की तोंड एका बाजूला वळतं आणि चपटं अंग त्या बाजूला घसरत जातं, फक्त झटक्यानंतर लगेच लाईन ढिली सोडायची. लाईन ताणलेली राहिली की घसरण अर्धवट तुटते आणि ल्युअर काठी ओढल्यासारखा सरळ येतो. ज्यांना "माझा ल्युअर चालतच नाही" असं वाटतं त्यांच्यातल्या बहुतेकांचा हात झटक्यानंतर ढिला पडत नाही एवढंच असतं.

हे सगळे ल्युअर मुळात आपल्या माशासाठी बनलेले नाहीत. ते बनले बास माशासाठी, तो अमेरिकेतला लार्जमाउथ बास, जपानमध्ये १९२५ ला नेऊन सोडलेला आणि आता तिथं सरकारला डोकेदुखी झालेला. आपल्या धरणात बास नाही, पण त्या लोकांनी मोठ्या माशाचा जो अभ्यास केलाय तो आपल्या कामाचा आहे. जॉर्ज पेरीनं १९३२ ला जॉर्जियात २२ पौंड ४ औंसाचा बास धरला, तो रेकॉर्ड तब्बल ७७ वर्षं टिकला, मग २००९ ला मनाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा तलावात १०.१२ किलोचा धरला, तो पेरीच्या माशापेक्षा औंसभरानंच जास्त भरला आणि नियमाप्रमाणं किमान दोन औंस जास्त लागतात म्हणून दोघांचा रेकॉर्ड बरोबरीत आहे. आता यातली माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका, कुरितांचा मासा जिवंत ब्लूगिलवर लागला. ब्लूगिल म्हणजे तळहाताएवढा, उंच आणि चपटा मासा. बोटाएवढी बारकी मासोळी नाही.

आपल्याकडं तळहाताएवढा, उंच, चपटा मासा कोणता? चिलापी. १९५२ ला ही भारतात आणली आणि आज येलदरी म्हणा, माजलगाव म्हणा, गावाबाहेरचा पाझर तलाव म्हणा, जिथं बघावं तिथं तीच. चार किलोची मरळ बोटभर मासोळ्यांच्या मागं दिवसभर पळत बसत नाही, तिला एका उडीत पोट भरेल असं काहीतरी लागतं आणि ते कडेला बेशरमाच्या मुळ्यांत, बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांत तिला आयतं मिळतं. म्हणून ल्युअर निवडताना लांबीच्या आधी त्याची उंची बघा. सडपातळ १३ सेंमीच्या ल्युअरपेक्षा उंच अंगाचा १० सेंमीचा ल्युअर आपल्या पाण्यात मला कायम सरस वाटलाय.

आणि सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवायचा तर तो किती वेगानं बुडतो यावर. दुकानात सगळे रंग बघतात, डोळे बघतात, बॉक्सवर "स्लो सिंकिंग" लिहिलेलं वाचतात आणि खूश होतात. पण एकाचं स्लो म्हणजे फुटाला दोन सेकंद असतं आणि दुसऱ्याचं पाच सेकंद. चार फूट पाण्यात बाभळीचं खोड तीन फुटावर असेल तर हा फरक म्हणजे मासा लागणं आणि ल्युअर अडकणं यातला फरक आहे. मी नवा ल्युअर आणला की आधी जनावरांच्या हौदात सोडतो. हौदाच्या आतल्या भिंतीवर खडूनं दर फुटाला रेघ मारलेली आहे, लीडर (लाईनच्या पुढचा जाड तुकडा) आणि स्नॅप (ल्युअर अडकवायची तारेची कडी) लावूनच ल्युअर सोडायचा (नुसता सोडला तर आकडा खोटा येतो), मोबाईलवर सेकंद मोजायचे. फुटाला तीन-चार सेकंद असेल तर तो माझ्या कामाचा. त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे तो बुडताना कसा दिसतो, तोंड खाली करून दगडासारखा जातो का आडवा राहून पोट हलवत जातो. आडवा बुडणारा ल्युअर थांबलेला असतानाही मासा खेचतो कारण झटका न देता तो जिवंत दिसतो, आणि मोठी मरळ बहुतेकदा ल्युअर थांबल्यावरच तोंड घालते.

तरंगणारा किंवा फारच हळू बुडणारा ल्युअर हातात असेल तर टाकून देऊ नका. मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडं सोल्डरची तार मिळते, तिचे चार-पाच वेढे पुढच्या हुकच्या दांडीला घट्ट मारायचे, परत हौदात बघायचं, तोंड जास्त खाली गेलं तर दोन वेढे काढून मागच्या हुकला द्यायचे. संध्याकाळ जाते यात, पण एकदा जमलं की ल्युअर अगदी तुमच्या तळ्याच्या मापाचा होतो. हुक अडकवायची गोल कडी, म्हणजे स्प्लिट रिंग, एक नंबर जाड टाकली तरी फरक पडतो. आणि एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, थंड पाणी जड असतं. डिसेंबरच्या पहाटे जो ल्युअर पाण्यात जवळजवळ जागच्या जागी टांगल्यासारखा राहतो तोच एप्रिलमध्ये हळूहळू बुडतो. म्हणून तारेचे वेढे मी हिवाळ्यात वाढवतो आणि उन्हाळ्यात कमी करतो.

रंगाबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचं पाणी नद्या-ओढ्यांतून आलं की धरणाच्या वरच्या अंगाला हातभर खालचं दिसत नाही, तेव्हा गडद रंग आणि आत छर्रे वाजणारा ल्युअर. दिवाळीनंतर पाणी निवळलं की करडा-हिरवा, चिलापीसारखे पुसट पट्टे, आणि आवाज नको. बस. यापुढं रंगावर पैसे घालवू नका.

चालवायचं कसं हे मला शब्दांत सांगणं अवघड जातं पण प्रयत्न करतो. ल्युअर खोडाच्या पलीकडं सात-आठ फूट टाकायचा, खोडावर कधीच नाही. मोजून खाली जाऊ द्यायचा. रॉडचं टोक पाण्याकडं. मग दोन छोटे झटके, ढील, थांबा. एकसंध ल्युअरला रॉडचे झटके चालतात, सांध्याच्या ग्लाइड बेटला मात्र रीलचं हँडल अर्धं फिरवून सोडायचं, मग तो रुंद वळणं घेत येतो आणि खोडाजवळ आला की दोनदा पटकन अर्धं-अर्धं फिरवलं की जागच्या जागी वळून मागं तोंड करतो. ही वळण घेण्याची गोष्ट मोठ्या माशासाठी फार कामाची आहे. परवा दुधनेच्या बॅकवॉटरला पाणी एवढं निवळ होतं की खालची फांदी न् फांदी दिसत होती, बाभळीच्या सावलीतून एक लांबलचक काळी आकृती निघाली, ल्युअरच्या मागं हातभर अंतर ठेवून, कल्ले हलतायत ते दिसत होतं, ल्युअर थांबला की ती पण थांबायची. तिसऱ्यांदा थांबवला तेव्हा ती खाली वळायला लागली, त्याच क्षणी दोन अर्धे फेरे दिले, ल्युअर गर्रकन् वळून तिच्याकडं तोंड करून उभा राहिला आणि तिनं तो आतच ओढला, पाण्यावर आवाज नाही, काही नाही, नुसती लाईन बाजूला सरकली. मागं लागलेला मासा फिरायला लागला की वेग वाढवा, दिशा बदला. तिथं ल्युअर मेल्यासारखा सोडून दिला तर ती जातेच.

हुकचं पण बघा. चांगल्या ब्रँडचे ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे हुक सुद्धा मरळीच्या हाडाळ जबड्यात कधी वाकतात, आणि बेशरमाच्या मुळ्यांत तीन टोकांपेक्षा एक टोक कमी अडकतं. मी पोटाचा ट्रेबल काढून सिंगल इनलाइन हुक लावतो, वजन कमी झालं तर वर सांगितलेली तार आहेच. सोडायची असेल तर मरळीला इजा पण कमी. मरळ वर येऊन हवा घेते त्यामुळं ओल्या हातानं धरून हुक काढेपर्यंत ती सहज टिकते. आणि लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर तिथं ल्युअर टाकूच नका, खाली आई-बाप राखणीला असतात, ते गेले की पिल्लांचा दुसऱ्या माशांनी फडशा पाडलाच समजा.

जागा निवडताना एवढंच बघा की भर उन्हाळ्यात तिथं डोह राहतो का. २०१६ ला मांजरा धरणानं तळ गाठला होता, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मरळ चिखलात तग धरते पण पाणी डबक्यावर आलं की लोक सगळा मासा उपसून नेतात, मग मोठी राहणार कुठून. आमच्याकडचे भोई मामा याच हिशोबानं जागा सांगतात, कुठली विहीर बुडालीय, नदीचं जुनं पात्र धरणात कुठून जातं, सगळं त्यांच्या तोंडपाठ. त्यांना विचारा, आणि तळं मच्छीमार सोसायटीकडं ठेक्यानं असेल तर परवानगी घेऊनच गळ टाका, त्यांच्या जाळ्यांपासून लांब. जायकवाडीचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं हे काही करायचंच नाही.

आता पहिला कोणता घ्यायचा. आपल्या पोरांकडं बहुतेक १० ते ३० ग्रॅमचा ल्युअर झेपणारी मिडियम हेवी रॉड असते, तिच्यावर एस-वेव्हर १६८ टाकायला जाऊ नका, तो ५० ग्रॅमच्या आसपास जातो, रॉड मोडेल. ९-१० सेंमीचा, उंच अंगाचा, एकसंध, पाकिटावर वजन लिहिलेलं बघून रॉडच्या मापात बसणारा घ्या. ३०-४० पौंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, पुढं दोन हात मोनोचा, म्हणजे एकपदरी नायलॉनचा लीडर, आणि टोकाला गाठ आवळून नाही तर स्नॅप, म्हणजे तोंड मोकळं फिरतं. मोठा ग्लाइड बेट घ्यायचाच असेल तर आधी त्याच्या वजनाची रॉड घ्या.