दगडातला ऑक्सिजन आणि हरवलेलं सोनं

ऑक्सिजन म्हटलं की आपल्याला हवा आठवते, झाडं, सिलिंडर वगैरे. पण हवेत तो जेमतेम २१ टक्के आहे आणि पायाखालच्या दगडात वजनाने ४६ टक्के! पृथ्वीचं जे वरचं कवच आहे त्यात सगळ्यात जास्त भरणा ऑक्सिजनचा आहे, लोखंड-बिखंड सगळं त्याच्या मागे. आणि वजन सोडून जागेचा हिशेब केला, म्हणजे कुठल्या अणूने किती जागा अडवलीय असं बघितलं, तर ९० टक्क्यांच्या वर जागा एकट्या ऑक्सिजनची निघते. शाळेतल्या पुस्तकात ते कवच-प्रावरण-गाभा असं रंगीत चित्र असतं ना, त्यात नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते, आणि मला तर सगळ्यात भारी हीच वाटते.

दोन नंबरला सिलिकॉन, २८ टक्के. मग ॲल्युमिनियम ८, लोखंड ५ च्या आसपास, कॅल्शियम ४ च्या जवळ, आणि सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम दोन-अडीच टक्क्यांच्या घरात. झालं, या आठ जणांनीच ९८ टक्के संपवले. तांबं, जस्त, शिसं, सोनं, आणि ज्याच्यावर अख्खी जीवसृष्टी उभी आहे तो कार्बन, हे सगळे उरलेल्या चिमूटभरात दाटीवाटीने बसलेत.

आता वजनाने ४६ आणि जागेने ९०, हे कसं काय? तर सिलिकॉन आपले इलेक्ट्रॉन देऊन बसतो त्यामुळे आकसून बारका होतो, आणि ऑक्सिजन ते घेऊन फुगतो. गोट्यांनी गच्च भरलेला डबा घ्या आणि मधल्या फटींत छर्रे टाका, गोट्या म्हणजे ऑक्सिजन आणि छर्रे म्हणजे बाकी सगळे. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, आणि असे चौकडे एकमेकांचे कोपरे धरून कुठे साखळ्या करतात, कुठे पत्रे, कुठे चारी बाजूंनी बांधलेली जाळी. खनिजांचे गुण बरेचसे यावरच ठरतात. अभ्रकाचे पापुद्रे निघतात ते त्यातले चौकडे पत्र्यासारखे जोडलेले असतात म्हणून.

पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटची लादी कुठे दिसली तर जरा वाकून बघा, शक्य असेल तर भिंग घेऊन. पांढरट किंवा गुलाबी, मोठाले कण दिसतात तो फेल्डस्पार. मधेमधे करडं, काचेसारखं, थोडं आरपार दिसल्यासारखं वाटतं ती गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ. काळे ठिपके बहुतेक काळ्या अभ्रकाचे. लादीऐवजी तुटलेला तुकडा हातात मिळाला तर अजून मजा, कारण तो उजेडात फिरवला की फेल्डस्पार एकदम सपाट आरशासारखा चमकून जातो, तो ठरावीक प्रतलांवरच फुटतो म्हणून, आणि गारगोटी मात्र फुटलेल्या बाटलीसारखी वेडीवाकडी वळणदार फुटते. फेल्डस्पार हे नाव शाळेत फारसं कानावर येत नाही पण कवचाचा निम्म्याहून जास्त भाग त्याचाच आहे. लोक सोन्या-हिऱ्याच्या खनिजांचं कौतुक करतात आणि हा बिचारा सगळीकडे असून बेदखल.

पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्याने हाच फेल्डस्पार हळूहळू कुजतो आणि त्याची चिकणमाती होते, सोडियम सुटून नद्यांमधून समुद्रात जातं. गारगोटीला या पाण्याने जवळपास काहीच होत नाही. म्हणून ग्रॅनाइट झिजला की शेवटी जी वाळू उरते तिच्यात गारगोटीच जास्त.

हे आकडे काढले कुणी? फ्रँक विगल्सवर्थ क्लार्क नावाचा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ १८८९ पासून याच्या मागे लागला होता, आणि १९२४ मध्ये त्याने हेन्री वॉशिंग्टनबरोबर ५,१५९ दगडांच्या पृथक्करणांची सरासरी छापली. आजचे आकडे त्याच्यापासून फार लांब गेलेले नाहीत. अर्थात हे सगळे दगड पृष्ठभागावरचे. खंडांखाली कवच साधारण ३५-४० किमी जाड, तिबेटखाली तर ७० च्या आसपास, आणि माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल उभं भोक म्हणजे रशियातलं कोला, १९७० ला सुरू करून १९८९ ला १२,२६२ मीटरवर पोचले आणि तिथे १८० अंश सेल्सिअस लागलं, अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. गंमत म्हणजे खाली गेल्यावर ग्रॅनाइट संपून बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून होणारा काळा जड दगड, लागेल असं धरून चालले होते, लागलाच नाही, तडे गेलेला आणि पाणी मुरलेला जुनाच दगड लागत राहिला. त्यामुळे खालच्या थराचं जे काही माहितीय ते भूकंपाच्या लहरींवरून आणि ज्वालामुखीने वर आणून टाकलेल्या तुकड्यांवरून.

समुद्राखालचं कवच वेगळं असतं, जेमतेम ६-७ किमी, बेसाल्ट आणि गॅब्रोचं (गॅब्रो म्हणजे तोच रस खोलवर सावकाश थिजून झालेला दगड), जड आणि तरुण. जवळपास सगळं २० कोटी वर्षांच्या आतलं, कारण जुनं झालं की परत आत बुडतं. बुडताना सोबत पाणी घेऊन जातं, त्या पाण्याने वरचं प्रावरण कमी तापमानाला वितळतं, आणि तो रस पुन्हा पुन्हा वितळत-गाळत गेल्यावर हलका, सिलिकाने (सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाने) भरलेला खंडांचा दगड तयार होतो. पाण्याशिवाय एवढा ग्रॅनाइट झालाच नसता.

आता लोखंडाचं बघा. अख्ख्या पृथ्वीच्या वजनात ते जवळपास एक तृतीयांश आहे आणि कवचात फक्त ५ टक्के. सुरुवातीला पृथ्वी वितळलेली होती तेव्हा ते बुडून गाभ्यात गेलं, आणि जाताना ज्यांचं लोखंडाशी जमतं अशा सोनं, प्लॅटिनम, इरिडियमला पण घेऊन गेलं. म्हणून सरासरी दगडाच्या एका टनात सोनं ४ मिलिग्रॅमच्या आसपासच, आणि इरिडियम त्याहूनही कमी. म्हणूनच लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी इटलीतल्या मातीच्या एका पातळ थरात इरिडियम भरपूर सापडल्यावर १९८० मध्ये सरळ लघुग्रहाकडे बोट दाखवलं, इथलं नाही म्हणजे बाहेरून आलंय!

ॲल्युमिनियमची तऱ्हा नेमकी उलटी. कवचातला सगळ्यात मुबलक धातू, तरी १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर तो बसवला तेव्हा त्याचा भाव चांदीच्या बरोबरीला होता. कारण ऑक्सिजन त्याला सोडतच नाही. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी वेगवेगळं विजेने ते सोडवायचं तंत्र काढलं आणि भाव कोसळला. तरीही फेल्डस्पारातून कोणी ते काढायला जात नाही, परवडत नाही. बॉक्साइट नावाची ॲल्युमिनियमची कच्ची माती-दगड लागतं, आणि ते होतं उष्ण प्रदेशात, जिथे पावसाने लाखो वर्षं सिलिका धुऊन नेली आणि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. म्हणजे अर्धं काम पावसाने आधीच करून ठेवलेलं असतं, कारखाना पुढचं करतो.