आठवडा सोमवारी सुरू होतो

ब्रिटनमध्ये एम.एससी. करीत असताना पहिल्याच सत्रात मी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याचे काम धरले होते. एका शुक्रवारी मॅनेजरने सहज विचारले, "या आठवड्यात 24 तास करशील का? पुढच्या आठवड्यात 16 देतो, म्हणजे सरासरी 20 च राहील." मला त्यात काहीच वावगे वाटले नाही आणि मी जवळजवळ होकार देऊन बसलो होतो. रात्री खोलीवर आल्यावर शेजारच्या खोलीतल्या वरच्या वर्गातील मुलाला हे सांगितले, तेव्हा तो एवढेच म्हणाला की व्हिसाच्या नियमात सरासरी नावाची गोष्टच नाही.

त्याचे म्हणणे खरे होते. पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला तिथे सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येते. हा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो आणि प्रत्येक आठवड्याचा हिशेब स्वतंत्र असतो. दोन ठिकाणी काम करीत असाल तर दोन्हींचे तास एकत्र धरले जातात, आणि काम बिनपगारी असले म्हणून ते मोजणीतून सुटते असे नाही. शिवाय स्वतंत्र व्यवसाय करायला पूर्ण मनाई आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. सायकलवरून घरोघरी पार्सल पोहोचवण्याचे काम नोकरीसारखे दिसते, पण त्यातले बरेचसे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यवसायातच मोडते. दुसऱ्याचे डिलिव्हरी ॲपवरचे खाते भाड्याने घेऊन असे काम करणारी मुले मी पाहिली आहेत. महिन्याच्या खर्चाची सोय करण्यासाठी आपण सगळे शिक्षण पणाला लावत आहोत, याची जाणीव त्यांना असावी असे मला वाटत नाही.

आणखी एक अडचण एम.एससी.वाल्यांची. उन्हाळा आला की पदवीच्या मुलांना सुट्टी लागते आणि ती पूर्णवेळ काम करू शकतात. आम्हाला मात्र तेच महिने प्रबंधाचे असतात आणि ते सत्रातच धरले जातात. वर्ग भरत नाहीत म्हणून सुट्टी आहे, असे समजून 40 तासांच्या शिफ्ट स्वीकारणारा विद्यार्थी नकळत नियम मोडत असतो.

प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी असल्यामुळे मित्रांचे ऐकून चालणे धोक्याचे ठरते. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, परंतु पंधरवडा कोणत्याही सोमवारी सुरू झाल्याचे मानले जाते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात 10 आणि दुसऱ्यात 38 तास काम केले, तर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा 10 तासांपुढे जाता येत नाही, कारण दुसरा आठवडा दोन्ही पंधरवड्यांत मोजला जातो. जर्मनीत हिशेब वर्षाचा आहे: मार्च 2024 पासून 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. फ्रान्समध्ये वर्षाला 964 तास, तर जपानमध्ये वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला 28 तास. अमेरिकेचा नियम मला सर्वांत कडक वाटतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते, पण ते कॅम्पसवरचे, आणि पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेरच्या नोकरीचा विचार सहसा मनातही आणू नये.

हे नियम स्थिर राहतात असेही नाही. कॅनडाने नोव्हेंबर 2022 पासून एप्रिल 2024 अखेरपर्यंत बहुतेक विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसबाहेरील कामाची मर्यादा तात्पुरती उठवली होती. त्या काळात पोहोचलेल्यांनी पूर्णवेळ पगार गृहीत धरून खर्च आखला असेल, तर मर्यादा परत आल्यावर त्यांची तारांबळ उडाली असणार. नोव्हेंबर 2024 मध्ये ती आठवड्याला 24 तास झाली.

माझे मत विचाराल तर खरी चूक तासांच्या हिशेबाच्याही आधी, अंदाजपत्रक मांडतानाच होते. "तिथे गेल्यावर काम करून फी काढू" हे वाक्य मी स्वतः घरी म्हटले होते. वास्तविक पाहता व्हिसा देणारे सरकारच ते मानत नाही. ब्रिटनमध्ये आवश्यक रक्कम सलग 28 दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते आणि पुढे मिळू शकणारा पार्ट-टाइम पगार त्यात धरता येत नाही. जर्मनीत बहुतेकांना वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) ठेवावे लागतात. एप्रिल 2025 पासूनच्या वर्षात ब्रिटनमध्ये 21 किंवा त्याहून जास्त वयाच्या कामगाराचे किमान वेतन ताशी 12.21 पौंड होते. त्या दराने दर आठवड्याला पूर्ण 20 तास मिळाले तरी 244 पौंडांच्या आसपास हाती येत, आणि पूर्ण तास दर आठवड्याला मिळत नाहीतच. एवढ्यात किराणा, प्रवास आणि भाड्याचा काही भाग निघतो. फी निघत नाही.

आणि 20 तास म्हणजे केवळ 20 तास नसतात. रात्री 11 ला संपणारी शिफ्ट, त्यानंतरचा बसप्रवास, ओले बूट वाळत घालणे आणि सकाळी 9 च्या वर्गात डोळे उघडे ठेवण्याची धडपड, हे सगळे त्यात मिळवावे लागते. भांडी धुण्याची मला लाज वाटली नाही (घरच्यांना मात्र मी बरेच दिवस "हॉस्पिटॅलिटी" एवढेच सांगत असे), पण दुसऱ्या सत्रात ग्रंथालयात काम मिळाले तेव्हा फरक कळला. ताशी वेतनात विशेष अंतर नव्हते. तेथील लोकांना परीक्षेचे वेळापत्रक आणि व्हिसाची मर्यादा दोन्ही ठाऊक होती, आणि माझ्या दृष्टीने तेच मोलाचे होते.

पगार रोख हातात देणाऱ्या ठिकाणी मी पहिल्या आठवड्यातच काम सोडले असते. पगाराची पावती नसेल तर किमान वेतन बुडाल्याची तक्रार कशाच्या आधारावर करणार? माझ्या पहिल्या दोन पगारांतून तात्पुरत्या कर-कोडमुळे (किती कर कापायचा हे मालकाला सांगणारा क्रमांक) कर जास्त कापला गेला होता; वर्षाला 12,570 पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर सहसा आयकर लागत नाही हे पावतीवरचे आकडे ताडून पाहताना समजले, आणि कोड दुरुस्त झाल्यावर ते पैसे परतही आले.

त्या शनिवारी मी मॅनेजरला नकार दिला. तो रागावेल आणि पुढच्या शिफ्ट बंद होतील, अशी मला धास्ती होती. त्याने ते 4 तास दुसऱ्या मुलाला दिले आणि पुढच्या सोमवारी माझ्या नावापुढे नेहमीप्रमाणे 16 तास लिहिलेले होते.