हंटर ३५०: तिसऱ्या गिअरमधले ३० ते ६०, जानेवारीची नोंद

या महिन्यापासून माझ्या बाईकचा, म्हणजे रॉयल एनफिल्ड हंटर ३५० चा, ० ते ६० चा आकडा (उभ्या गाडीला ताशी ६० किलोमीटरला पोहोचायला लागणारा वेळ) लिहिणं बंद. तो गाडीपेक्षा माझ्या डाव्या हाताचा आकडा आहे. क्लच कसा सोडला यावर अर्धा सेकंद सहज इकडचा तिकडे होतो, आणि चार लोकांत मिरवायला क्लच प्लेट जाळायची माझी तयारी नाही. त्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये ३० वर गाडी स्थिर धरायची, थ्रॉटल पूर्ण पिळायचा आणि ६० पर्यंतचा वेळ घ्यायचा. कसारा घाटात ट्रकमागे अडकलो की गाडीकडे आपण मागतो ते हेच.

जागा तीच, नाशिकमधलं दिंडोरी रोडकडचं ओळखीतलं प्लॉटिंग. बंगले अजून उठलेले नाहीत, आतला काँक्रीट रस्ता सरळ आहे आणि गेट लावून घेता येतं. ‘गंगापूर रोडला पहाटे कोण असतं’ म्हणणारे भेटतात. पहाटे तिथे फिरायला निघालेले आजी-आजोबा असतात! शिवाय सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी वेगाच्या शर्यती लावल्या तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहेच. ३० ते ६० ला जेमतेम ५० मीटर लागतात, मग ब्रेकसाठी भरपूर रस्ता उरतो. ० ते १०० चा विचार मी इथे करतच नाही.

आता मोजमाप. बहुतेक फोनचं जीपीएस सेकंदाला एकदाच वेग नोंदवतं. तिसऱ्यात गाडी सेकंदाला ७-८ किलोमीटर प्रतितासाने वेग घेते, म्हणजे दोन नोंदींच्या मधे काय झालं ते अॅप अंदाजाने भरतं. मित्राचा लॉगर (वेग नोंदवणारं वेगळं जीपीएस यंत्र) सेकंदाला १० नोंदी घेतो, तोच मागून आणला. काट्यावर तर जाऊच नका. स्पीडोमीटर मुद्दामच थोडा जास्त दाखवणारा बनवतात. माझ्या काट्याचे ६० म्हणजे लॉगरचे ५६-५७.

एका दिशेने ३.८ सेकंद, परत येताना ४.२. गाडी तीच, मीच बसलेलो, वाराही नव्हता. फरक उताराचा. डोळ्याला रस्ता सपाट दिसतो, पण नुसता एक टक्का उतार असला तरी या चाचणीत साधारण ०.२ सेकंद खातो किंवा देतो. टाकीचंही तसंच. हंटरची टाकी १३ लिटरची, म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत साडेनऊ किलोचा फरक. गाडी १८१ किलोची, वर जॅकेट-बुटांसकट मी ७५ चा; हिशोब केला तर ०.१५ सेकंद इथेच गेले.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे मी बसवून पाहिलेला फ्री-फ्लो, म्हणजे इंजिनात हवा जास्त मोकळी जाऊ देणारा, एअर फिल्टर. विकणाऱ्याचा दावा होता ०.२ सेकंद वाचण्याचा. फिल्टर बदलून, टाकी अर्धी ठेवून, दोन्ही दिशांनी धावलो. सरासरी पुन्हा ४.० च्याच आसपास, म्हणजे एरवीच्या धावांतही जेवढा फरक पडतो तेवढ्यातच. आवाज मात्र वाढला, तो हवा असेल तर खुशाल घ्या.

हवामानाचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, त्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ७ टक्के कमी. पण जानेवारीत सकाळी १० अंशांना हवा इतकी आकसलेली असते की तिची घनता मुंबईतल्या ३० अंशांच्या दुपारइतकी भरते. मे महिन्यात ४० अंशांना हीच हवा जवळपास १० टक्क्यांनी विरळ होते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल त्या मापाने कमी करतं, पण नसलेला ऑक्सिजन कुठून आणणार? तेव्हा मे मध्ये आधीची चाचणी, मग पार्ट बसवून जानेवारीत नंतरची, असं कोणी केलं असेल तर कौतुक थंडीचं करा.

एक सूचना. इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय धाव घेऊ नका, पण टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासा. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होतो. काँक्रीटवरची धूळही आधी झाडूने काढली, कारण पूर्ण थ्रॉटलनंतर लगेच ब्रेक लावायचा असतो.

पुढची फेरी मे महिन्यात, भर दुपारी, मूळ फिल्टर परत बसवून. तोवर ज्यांच्याकडे १० नोंदींचा लॉगर आहे त्यांनी आपले आकडे टाकावेत. सोबत तापमान, टाकीतलं पेट्रोल आणि दोन्ही दिशांचे वेळ वेगवेगळे लिहा, नुसती सरासरी नको.