हिंगण्यातील नोकरी सोडताना: ग्रॅच्युइटी मिळवण्याचा माझा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका फॅब्रिकेशन कंपनीत मी जून २०१६ पासून जानेवारी २०२३ अखेरपर्यंत काम केले. वीजकेंद्रांतील कोळशाच्या कन्व्हेयरसाठी लागणाऱ्या पोलादी सांगाड्यांची शॉप ड्रॉइंग, म्हणजे कारखान्यात ज्यावरून तुकडे कापतात-जोडतात ती रेखाचित्रे, काढणे आणि मटेरियलची यादी तयार करणे हे माझे काम होते आणि ते मला मनापासून आवडत असे.

सुटीची वेळ सहाची असली, तरी साहेब बहुधा साडेसहाला लाल पेनाच्या खुणांनी भरलेली ड्रॉइंगची मोठी ए-वन शीट माझ्या टेबलावर पसरवत आणि ‘हे सकाळी कटिंगला जायचं आहे’ एवढेच सांगत. चार जणांच्या कामाला आम्ही दोघे उरलो होतो. ओव्हरटाइमचा विषय काढला की ‘तुम्ही सुपरवायझर आहात, तुम्हाला तो नाही’ असे उत्तर मिळे, कारण नेमणूकपत्रात हुद्दा तसा लिहिला होता; प्रत्यक्षात माझ्या हाताखाली एकही माणूस नव्हता. पगारवाढ तीन वर्षे थांबली, तेव्हा मी राजीनामा दिला.

नोटीस तीन महिन्यांची होती आणि मी दोनच महिने भरले. त्यापोटी शेवटचा पगार कापला गेला, तो मी मान्य केला, कारण तशी अट मी सही करून स्वीकारली होती. परंतु अंतिम हिशेबाचा कागद हातात आला तेव्हा त्यात ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांनुसार नोकरी सोडताना मालकाने द्यायची रक्कम) सहा वर्षांची, म्हणजे ९०,००० रुपये धरली होती आणि तीमधूनही नोटीसचे ५२,००० वजा केले होते. अकाउंट्समधील गृहस्थ म्हणाले, ‘भाऊ, सगळ्यांचा असाच होतो हिशेब.’

माझा मूळ पगार २६,००० रुपये होता. तेव्हा लागू असलेल्या ग्रॅच्युइटी कायदा, १९७२ प्रमाणे तो २६ ने भागून येणाऱ्या रोजाला १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे असे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक सेवा झाली असेल, तर ते पूर्ण वर्ष धरले जाई. माझी सेवा सहा वर्षे सात महिन्यांहून अधिक असल्याने सात वर्षांचे १,०५,००० रुपये होत होते. नोटीस अपुरी राहिली म्हणून ग्रॅच्युइटी कापण्याची मुभाही तो कायदा मालकाला देत नव्हता. विशेष वाईट याचे वाटले की, हीच रक्कम कंपनी माझ्या वार्षिक पॅकेजमध्ये मूळ पगाराच्या ४.८१ टक्के म्हणून दरवर्षी मोजून दाखवत आली होती.

मी ग्रॅच्युइटी मागण्याचा नमुना ‘आय’मधील अर्ज भरला, सोबत नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जोडल्या आणि सिव्हिल लाइन्समधील जीपीओतून पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने कंपनीला पाठवला. पोचपावती परत आली, पण तीस दिवस उलटले तरी कंपनीचे उत्तर आले नाही. तेव्हा ओळखीच्या वकिलांनी कंपनीला नोटीस पाठवली आणि नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, करावयाचा अर्जही तयार ठेवला. नोटिशीत मूळ रकमेसह उशिराबद्दल वार्षिक १० टक्के सरळव्याजाची मागणी होती.

त्याच काळात पीएफचा प्रश्नही उभा राहिला. कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीख ऑनलाइन भरलीच नव्हती. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की ती तारीख सदस्याला स्वतःच्या यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) खात्यातून भरता येते, हे रघुजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात समजले आणि ते काम दहा मिनिटांत झाले.

जून महिन्यात १,०५,००० रुपये आणि चार महिन्यांचे ३,५०० रुपये व्याज खात्यात जमा झाले. अनुभवपत्र मात्र सुपरवायझर म्हणूनच मिळाले. सहा-सात वर्षे मी काढलेल्या ड्रॉइंगवर ‘ड्रॉन बाय’ या रकान्यात माझीच आद्याक्षरे आहेत, त्यामुळे हुद्दा डिझाइन अभियंता असा दुरुस्त करून द्यावा, असे पत्र मी पाठवले आहे आणि त्याचीही पोचपावती जपून ठेवली आहे.