पुलाच्या अलीकडचे व्हेनिस

युरोपच्या सहलीवरून परतलेले कुटुंब व्हेनिसमधला मुक्काम म्हणून ज्या हॉटेलचे नाव सांगते, ते हॉटेल बहुतेक वेळा व्हेनिसच्या बेटांवर नसतेच. ते असते उथळ खाडीच्या अलीकडच्या काठावर, मेस्त्रे किंवा मार्गेरा येथे. रात्री उशिरा बस तिथे पोहोचते, सकाळी न्याहारी उरकून मंडळी पुलापलीकडे जातात आणि ज्या गावात आपण झोपलो त्याचा रस्ताही बघायचा राहून जातो. कामानिमित्त जवळच्या पादुआ शहरात राहत असताना मी सुटीच्या दिवशी मुद्दाम या काठावर उतरू लागले, आणि हळूहळू माझे ठाम मत झाले की व्हेनिसकर माणूस कसा जगतो हे पाहायचे असेल, तर ते बेटावरच्या सान मार्कोच्या प्रसिद्ध चौकात नव्हे, येथे दिसते.

मेस्त्रे हे मुळात वेगळे गाव. १९२६ साली ते व्हेनिसच्या महापालिकेत सामील करण्यात आले. १९५१ साली जुन्या, बेटांवरच्या व्हेनिसमध्ये सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. आज ती पन्नास हजारांहूनही कमी उरली आहेत, आणि महापालिकेच्या सुमारे अडीच लाख लोकसंख्येपैकी बहुसंख्य लोक मुख्य भूमीवर आहेत. पाण्याची पातळी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढवणारा ४ नोव्हेंबर १९६६ चा पूर हे या स्थलांतराचे एक कारण सांगितले जाते, आणि तळमजल्यांवर राहणाऱ्या कुटुंबांपुरते ते खरेही आहे. पण स्थलांतर त्याच्या कितीतरी आधीच सुरू झाले होते. भिंतींना कायमची ओल, वाण्याचे सामान उचलून पूल चढण्या-उतरण्याचा रोजचा त्रास, वाढती भाडी आणि काठावर उपलब्ध असलेली कारखान्यातली नोकरी, या सगळ्यांनी मिळून माणसे इकडे आणली. त्यामुळे रोज सकाळी मेस्त्रेहून व्हेनिसला जाणाऱ्या गाड्यांमध्ये पर्यटकांपेक्षा वाढपी, परिचारिका, शिक्षक आणि दुकानातले नोकरच अधिक दिसतात. दहा-बारा मिनिटांच्या त्या प्रवासात खिडकीबाहेरच्या पाण्याकडे त्यांच्यापैकी फारसे कोणी पाहत नाही.

कारखान्यांसाठी १९१७ साली पोर्तो मार्गेरा हे बंदर बांधायला घेतले गेले, आणि त्याला लागूनच कामगारांसाठी मार्गेराची वस्ती आखली गेली. अभियंता पिएत्रो एमिलियो एमर यांनी तिची आखणी केली ती उद्याननगरीच्या कल्पनेवर. रुंद, झाडांनी भरलेले रस्ते, मागेपुढे बाग असलेली दुमजली घरे आणि मधोमध बाजाराचा चौक, ही मूळ रचना पुढे दाटीवाटीने बांधलेल्या इमारतींमुळे बरीच झाकली गेली असली, तरी चालत फिरणाऱ्याला ती अजून स्पष्ट वाचता येते. रेल्वे स्थानकाच्या मागच्या बाजूने भुयारी मार्गातून बाहेर पडले की ही वस्ती सुरू होते. कुंपणाआड भाजीचे वाफे आहेत, अंजिराची झाडे आहेत. याच वस्तीतल्या अनेक घरांतील पुरुष रसायनांच्या कारखान्यात व्हिनाइल क्लोराइड हा प्लास्टिकसाठी लागणारा विषारी वायू हाताळून यकृताच्या कर्करोगाने गेले. त्याचा पाठपुरावा गाब्रिएले बोर्तोलोत्सो या कामगाराने स्वतः केला. त्याने जमवलेल्या माहितीवरून पुढे तपास झाला आणि १९९८ साली कारखान्याच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. २००१ साली सर्व आरोपी निर्दोष सुटले, आणि २००४ साली अपिलात त्यांच्यापैकी काहींना दोषी ठरवण्यात आले. मार्गेरात फिरताना हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते, कारण त्या बागांची आणि त्या मृत्यूंची गोष्ट एकच आहे.

माझी सर्वांत आवडती जागा मात्र मेस्त्रेतली सान मार्को वसाहत. १९५० च्या दशकात कामगारांना घरे देण्याच्या सरकारी योजनेतून ती उभी राहिली आणि लुइजी पिच्चिनातो व जुझेप्पे सामोना या वास्तुरचनाकारांनी तिचा आराखडा केला. बेटांवरून येणारी माणसे एकमेकांना खिडकीतून हाक मारण्याच्या सवयीची आहेत, हे त्यांनी ओळखलेले दिसते. घरे सरळ रांगेत उभी न करता त्यांनी ती लहान लहान चौकांभोवती मांडली, जेणेकरून व्हेनिसच्या अंगणवजा चौकांतला शेजार येथेही टिकावा. अशा एका चौकात मी बाकावर बसले असताना एक वृद्ध बाई दोरीवरचे कपडे काढीत वरच्या मजल्यावरच्या शेजारणीशी बोलत होत्या, आणि तेवढ्या वेळात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने त्या संभाषणात एखादे वाक्य टाकले. त्यांची व्हेनेतो बोली मला अर्धीही कळली नाही. तरी आराखड्याचा हेतू सत्तर वर्षांनंतरही साधलेला आहे, एवढे तेथे बसून नक्की कळते. आपल्याकडे जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभारणाऱ्यांनी ही वसाहत एकदा पाहायला हवी.

पियात्सा फेरेत्तो हा मेस्त्रेचा मुख्य चौक आणि त्याच्या टोकाचा घड्याळाचा मनोरा हा मध्ययुगीन किल्ल्याचा अवशेष. जवळच कानाल साल्सो हा खाऱ्या पाण्याचा कालवा येऊन संपतो. १८४६ साली रेल्वेचा पूल झाला, त्याआधी व्हेनिसला जाणारा प्रवासी येथेच होडीत बसत असे. त्या कालव्याच्या काठाने गेले की फोर्ते मार्गेरा हा किल्ला लागतो. ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्ध १८४८ साली झालेल्या उठावानंतर व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने ऑस्ट्रियाच्या तोफांना तेथे मे १८४९ पर्यंत तोंड दिले. आता तेथे लोक संध्याकाळी सायकलने येतात.

स्थानकासमोरच्या व्हिया पियावे रस्त्याबद्दल हॉटेलवाले पाहुण्यांना सावध करतात. मला तो रस्ता आवडला. बांगलादेशातून आलेली मोठी वस्ती मेस्त्रेत आहे. जहाजबांधणीच्या गोदीत आणि व्हेनिसच्या उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांत त्यांच्यापैकी अनेकजण काम करतात. कारली, दुधी आणि मोहरीचे तेल विकणाऱ्या एका दुकानदाराने माझ्याशी हिंदीत बोलायला सुरुवात केली आणि मुलांच्या शाळेविषयी, घरमालक भाड्याने घर देताना घेत असलेल्या आढेवेढ्यांविषयी सविस्तर सांगितले. “दीदी, मुलं तर इथलीच झाली,” असे ते म्हणाले.

घरांचा हा प्रश्न आता सर्वांचाच होत चालला आहे. स्थानकालगत मोठमोठी नवी हॉटेले उभी राहिली आहेत आणि पर्यटकांना भाड्याने दिलेल्या सदनिका मेस्त्रेतही वाढत आहेत. म्हणजे ज्या कारणाने व्हेनिसकर बेट सोडून आले, ते कारण पूल ओलांडून त्यांच्या मागोमाग आले आहे. व्हेनिस आणि मेस्त्रे यांच्या वेगवेगळ्या महापालिका असाव्यात का, यावर १९७९ पासून पाच वेळा मतदान झाले. २०१९ च्या शेवटच्या मतदानात पुरेसे मतदारच आले नाहीत. वेगळे व्हावे असे मला वाटत नाही, कारण नोकरी एकीकडे आणि घर दुसरीकडे असणाऱ्या माणसाला दोन्ही काठांच्या कारभारात मत असले पाहिजे.

आपला मुक्काम मेस्त्रेत असेल, तर एक संध्याकाळ तरी तिथेच काढावी. दुपारी बरीच दुकाने बंद असतात, म्हणून पाचनंतर निघावे. ट्रामने सान जुलियानोच्या उद्यानापर्यंत जाता येते. एके काळी कचरा टाकण्याच्या या जागेवर २००४ साली ते खुले झाले. परत येताना पियात्सा फेरेत्तोत उतरून तिथल्या लोकांबरोबर एक फेरी मारावी, आणि जेवायला चौकापासून दोन गल्ल्या आत जावे.