वसईच्या किल्ल्यातली शाळा

वसईच्या किल्ल्यात मी आधी चार-पाच वेळा जाऊन आले होते. दर वेळी चिमाजी आप्पांच्या स्मारकापाशी हात जोडायचे, तटावरून एक फेरी मारायची आणि परतीची बस पकडायची. या खेपेला मात्र ठरवून एकच गोष्ट बघायला गेले. किल्ल्यात येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट, फादरांची शाळा होती, ती. २२ वर्षं भाषा शिकवल्यावर जुनी शाळा कुठेही दिसली की पाय तिकडे वळतातच.

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून बस पकडली. पापडी मागे पडली, घरं विरळ झाली, आणि मग एकदम झाडीतून काळा तट दिसायला लागला.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या काही वर्षांत इथे ख्रिस्ती धर्मगुरूंचे वेगवेगळे संघ आले, फ्रान्सिस्कन आले, येशूसंघीय आले, डॉमिनिकन आले, आणि प्रत्येकाने आपापलं चर्च आणि मठ उभा केला. येशूसंघाचे फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईत येऊन गेले होते. त्यांच्या संघाने १५४९ मध्ये पवित्र येशूनामाचं चर्च बांधायला घेतलं. शाळा याच चर्चला लागून होती.

चर्चचा दर्शनी भाग अजून ताठ उभा आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर उभ्या पन्हाळी कोरलेल्या आणि माथ्यावर दगडी पानांचे गुच्छ. एका खांबावरून बोट फिरवत खाली आणलं. वरच्या भागात पन्हाळीची कड अजून हाताला लागते, खाली मात्र खाऱ्या वाऱ्याने ती पार गुळगुळीत झाली आहे. वर आय, एच, एस ही येशूनामाची अक्षरं आहेत. शाळेच्या बाजूला उरल्या आहेत त्या उघड्या भिंती. छप्पर नाही, फळ्या नाहीत, वर्ग कुठे संपत होता ते कळायला मार्ग नाही. तरी मी बराच वेळ तिथे बसले. कारण इथल्या एका विद्यार्थ्याचं नाव मला माहीत होतं.

गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. जन्म वसईतला, १५५६-५७ च्या सुमाराचा. येशूसंघाच्या फादरांपाशी शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने अशी आत्मसात केली की पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर होऊन फिलिपिन्समधून तो पुन्हा जपानला गेला, तेव्हा सत्ताधीश हिदेयोशीसमोर दुभाष्या म्हणून हाच उभा राहिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तोही होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून वसईकर त्याचं नाव अभिमानाने घेतात, आणि घ्यावंच. मला मात्र त्याच्यातला दुभाष्या जास्त जवळचा वाटतो. घरात आईची बोली, शाळेत फादरांची पोर्तुगीज; दोन भाषांमध्ये ये-जा करायची सवय या मुलाला लहानपणीच लागली असणार. तिसरी भाषा परकी वाटू नये याची तयारी तिथेच झाली असेल, असं मला मनापासून वाटतं. याच येशूसंघातले फादर स्टीफन्स पुढे गोव्यात मराठीत ख्रिस्तपुराण लिहितात आणि ते १६१६ मध्ये छापलं जातं, तेव्हा आपल्या भाषेचाही या परंपरेशी संबंध येतो.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. शहर सोडून गेलेल्या पोर्तुगीजांबरोबर ही शाळाही संपली. चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना दिल्या. वाईजवळ मेणवलीला त्यांतली एक अजून टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. मी ती पाहिली आहे. वसईत बसून तिची आठवण झाली तेव्हा पोटात काहीतरी हललं. जिंकल्याचा आनंद आपलाच आहे, आणि मुकी झालेली ही वास्तूही आता आपलीच आहे.

येशूसंघीय मुंबईत परतले ते एकोणिसाव्या शतकात. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा १८६३ ची, धोबीतलावचं सेंट झेवियर्स १८६९ चं.

बाहेर पडून बंदराकडे चालत गेले. वाटेत एक मावशी बोंबील वाळत घालत होत्या. "काय बघायला आलात?" त्यांनी विचारलं. शाळा म्हटल्यावर हसल्या. "गोन्सालोच्या सणाला या. तेव्हा मिस्सा असते तिथं, खुर्च्या मांडतात, माणूस मावत नाही." मग बोंबलांकडे वळता वळता म्हणाल्या, "आमची पोरं गातात मराठीतून."

ओहोटी होती. बंदर दरवाजाबाहेर होड्या चिखलात कलंडलेल्या. सणाची तारीख मावशींना विचारून वहीत लिहून घेतली आहे.