मधले २३ महिने

विद्यापीठाच्या पेपर तपासणीत मॉडरेटर म्हणून बसलं की नवं काही वाचायला मिळेल, अशी आशा कुणी ठेवत नाही. परीक्षकाने लाल शाईत दिलेले गुण मॉडेल आन्सरशी ताडून पाहायचे, पटले नाहीत तर हिरव्या शाईत आपले द्यायचे, बेरीज तपासून सही करायची. बाहेरच्यांना ठाऊक नसतं, पण विद्यार्थी अर्धा तास खपून जे उत्तर लिहितो, त्याच्या वाट्याला आमची जेमतेम दोन मिनिटं येतात.

या वेळी एक प्रश्न होता, अमेरिका पहिल्या महायुद्धात का उतरली? गुण दहा. मॉडेल आन्सरमधला पहिला आणि सर्वांत ठळक मुद्दा 'लुसिटानिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाल्याचा. एका उत्तरपत्रिकेत या प्रश्नाला तीनच गुण पडले होते. शेरा होता, 'मुद्दे नाहीत.'

उत्तर उघडलं तर समासात पेन्सिलीने एक आडवी रेघ मारलेली. डाव्या टोकाला ७ मे १९१५, उजव्या टोकाला ६ एप्रिल १९१७, आणि खाली लिहिलेलं, 'जहाज बुडालं म्हणून युद्ध, तर मधले २३ महिने अमेरिका काय करत होती?'

पुढची दोन पानं मी सावकाश वाचली. ऑगस्ट १९१४ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष विल्सन देशाला सांगतो, कृतीतच नव्हे तर विचारातही तटस्थ राहा. परराष्ट्रमंत्री ब्रायन लढणाऱ्या देशांना कर्ज द्यायच्या विरोधात उभा राहतो. पण इंग्लंडच्या आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केल्यावर अमेरिकेचा माल एकाच बाजूला जाऊ लागतो. गिऱ्हाइकाकडचे पैसे संपत आले, तर कर्ज न देणं म्हणजे स्वतःचे कारखाने बंद पाडणं. ऑक्टोबर १९१५ मध्ये इंग्लंड-फ्रान्ससाठी ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं राहतं. त्याआधीच, जूनमध्ये, ब्रायनने राजीनामा दिलेला. लुसिटानियावर १२८ अमेरिकन मेले, पण दारूगोळा नेणाऱ्या जहाजाने प्रवाशांच्या आडोशाने सुरक्षित राहावं, हे त्याला मान्य नव्हतं. अमेरिकन माणसाने युद्ध करणाऱ्या देशाच्या जहाजातून जाणं हा हक्क मानायचा की जोखीम, यावर विल्सनने हक्काची बाजू घेतली, आणि त्यानंतर प्रत्येक पाणबुडीच्या हल्ल्यासरशी मागे सरायची जागा कमी होत गेली. पदवीच्या पेपरात इतकं नीट रचलेलं उत्तर मी क्वचितच पाहिलं आहे. सनावळी पाठ असते. एका निर्णयाने पुढचा निर्णय कसा जवळजवळ भाग पडतो, ते फार थोड्यांना दिसतं.

मी आठ गुण दिले. परीक्षक मॅडमना ते पटेना. प्रकरण चेअरमनांकडे गेलं. ते म्हणाले, "सर, उत्तर चांगलं आहे, मान्य. पण मॉडेल आन्सर सोडून एकाला दिले तर बाकीच्या गठ्ठ्यांचं काय?" त्यांची अडचण खोटी नव्हती. तरीही 'लुसिटानिया, झिमरमन तार (जर्मनीने मेक्सिकोला धाडलेला युतीचा प्रस्ताव), लोकशाहीचं रक्षण' एवढे शब्द सापडले की दीड-दीड गुण टाकत जाणं ही तपासणी नव्हे, हे मी तिथेच सांगितलं. शेवटी सहावर तडजोड झाली. क्रमांकावर पट्टी चिकटवलेली, त्यामुळे उत्तर कुणाचं, ते मला कधीच कळणार नाही.

मी कापलेल्या दोन गुणांचा मात्र विचार अजून चालू आहे. कर्ज आणि व्यापार यांनी अमेरिका ओढली गेली असं त्या उत्तरात ठामपणे लिहिलं होतं, पण नोव्हेंबर १९१६ मध्ये फेडरल रिझर्व्ह बोर्डानेच, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या मंडळानेच, अमेरिकन बँकांना परदेशी सरकारांच्या विनातारण हुंड्यांपासून सावध केलं होतं. विल्सन तेव्हा नुकताच 'याने आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं' या घोषणेवर निवडून आला होता. म्हणजे मागे फिरण्याची वाट तोवर बंद झालेली नव्हती. ९ जानेवारी १९१७ ला जर्मन नेतृत्वाने पाणबुड्या पूर्ण मोकळ्या सोडायचं ठरवलं, तेही अमेरिका उतरेल हे जाणून. ती उतरण्याआधीच इंग्लंड गुडघे टेकेल, हा त्यांचा हिशोब होता. ही तारीख त्या रेघेवर नव्हती. ती असती तर मी दहापैकी दहा दिले असते, आणि सहावर गप्प बसलो नसतो.

अभ्यास मंडळाला मी लेखी कळवलं आहे की या प्रश्नाच्या मॉडेल आन्सरमध्ये मुद्द्यांइतकेच गुण क्रमाला ठेवा. उत्तर अजून आलेलं नाही.